एका घरात दोन वर्द्या

मी समुपदेशन करते. सातारा भागातल्या घरांतून माझ्याकडे एक काळजी वरचेवर येते. एक मुलगा फौजेत, दुसरा पोलिसात, आणि दोघांचं पटत नाही. सुट्टीची तारीख कळली की आनंदाआधी धास्तीच वाटते, असं आया सांगतात. त्यातल्या एका घराची ही हकिकत. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

थोरल्याची बायको आली होती. नवरा मराठा लाइट इन्फंट्रीत हवालदार, दीर पोलीस शिपाई. "मॅडम, आले की चार दिवस गोडीत जातात, मग सुरू होतं. आता पोरंही भांडतात, पप्पा भारी की काका भारी." या वेळचं निमित्त हेल्मेटचं होतं. नाक्यावर थोरल्याला अडवलं. "मी फौजी आहे," असं सांगूनही चलान झालं. त्यानं भावाला फोन लावला, तर भाऊ म्हणाला, "दादा, भरून टाक." तेव्हापासून अबोला.

दोघं एकत्र आले तेव्हा सुरुवात अपेक्षेप्रमाणेच झाली. थोरला म्हणाला, "आम्ही गोळ्या झेलतो, हे पावत्या फाडतात." धाकटा शांतपणे म्हणाला, "तुला बघून लोक उठून उभे राहतात. मला बघून खिसा चाचपतात." या वाक्यावर मी थांबले. त्यात रागापेक्षा दुखणं जास्त होतं. फौजी निवृत्त झाला की गाव वेशीपासून वाजतगाजत मिरवणूक काढतं. पोलिसाची बदली झाली की तो टेम्पोत सामान भरतो आणि निघतो.

कोण मोठं, या प्रश्नाला मी हात लावला नाही. एकच सांगितलं : आपल्या नोकरीतला एक दिवस दुसऱ्याला सांगायचा, आणि ऐकणाऱ्यानं फक्त प्रश्न विचारायचे.

धाकट्यानं आषाढीचा बंदोबस्त सांगितला. पावसात उभं राहणं, मिळेल तेव्हा खाणं, आणि परत येताच हायवेवरचा अपघात. मृताच्या खिशातल्या मोबाइलवर 'आई' असा फोन येत होता. तो त्यानं उचलला. थोरल्यानं विचारलं, "काय सांगितलंस?" बराच वेळ उत्तर आलं नाही. मग थोरला म्हणाला, "आमच्यात असं काही झालं तर सोबत पलटण असते. तू एकटाच होतास?"

मग थोरल्यानं उंचावरच्या पोस्टचा दिवस सांगायला घेतला आणि मध्येच वडिलांच्या मरणावर आला. निरोप मिळाला तेव्हा वाट बंद होती. तो घरी पोहोचला तोवर अस्थी गोळा झाल्या होत्या. अग्नी धाकट्यानं दिला होता. "थोरला मी, आणि..." पुढचं त्याला बोलवेना. धाकटा म्हणाला, "दवाखाना, कर्ज, बांधाचा दावा, सगळं मी केलं. आणि गाव मला विचारतं, तुझा फौजी भाऊ कधी येणार?"

माझ्या अनुभवात अशा घरांतली बरीच भांडणं इथे येऊन पोहोचतात. वर्दी तोंडावर असते, खाली असतं ते आई-वडिलांजवळ कोण होतं आणि मान कुणाला मिळाला, हे. एकमेकांबद्दल आदर नसतो असंही नाही. तो तोंडावर बोलला जात नाही, एवढंच. तुकाराम ओंबळेंचा विषय निघाला तेव्हा हे दिसलं. जावळी तालुक्यातल्या केडंब्याचे ओंबळे आधी सैन्यात होते, मग मुंबई पोलिसात. 26 नोव्हेंबर 2008 च्या रात्री गिरगाव चौपाटीवर त्यांनी कसाबची बंदूक हातांनी धरून ठेवली. त्यांना अशोकचक्र मिळालं, त्याच वेळी ताजमध्ये लढलेल्या मेजर संदीप उन्नीकृष्णन यांनाही. "ओंबळे आमचेच," थोरला म्हणाला. "आमचेच," धाकटाही म्हणाला. त्या दिवशी दोघं पहिल्यांदा हसले.

हेल्मेटचा मुद्दा मात्र मी मोकळा सोडला नाही. थोरल्याला विचारलं, "तुमच्या सेक्शनमधल्या जवानानं ओळख लावून गार्ड ड्यूटी चुकवली तर?" तो म्हणाला, "खपवून घेणार नाही." मग भावानं तरी शब्द का टाकायचा होता? त्यानं मान्य केलं, जरा नाखुशीनंच.

बायकोला सांगितलं ते असं : पंच होऊ नका. मुलांनी 'भारी कोण' विचारलं तर दोघांची कामं सांगा, निकाल देऊ नका. आणि वडिलांच्या आजारपणात धाकट्यानं काय केलं, ते नवऱ्यानं चार लोकांत बोलून दाखवावं. धाकट्याला बक्षीस नको होतं, एवढंच हवं होतं.

वर्षश्राद्धाला थोरल्यानं ते भावकीसमोर सांगितलं. दोघांचे वाद अजून होतात, विशेषतः पेन्शनवरून. 1 नोव्हेंबर 2005 पासून राज्याच्या नोकरीत लागलेल्या बहुतेकांना जुनी पेन्शन राहिली नाही, फौजीला मात्र ती आहे, आणि धाकट्याचा तो राग खरा आहे. फक्त आता तो राग भावावर निघत नाही.