लिनक्सच्या शंका : चावी सापडत नाही, निळी स्क्रीन आणि साडेपाच तास मागे पडलेलं घड्याळ

ताई, मी डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला आहे. एका सिनियरने मागे माझ्या लॅपटॉपवर काली लिनक्स टाकून दिलं होतं, २०२५ च्या सुरुवातीची पेनड्राईव्ह होती त्याच्याकडे. मग परीक्षा आल्या आणि ते तसंच पडून राहिलं. आता सुडो ॲप्ट अपडेट मारलं की ‘मिसिंग की’ असं येतं आणि पुढे आकड्या-अक्षरांची लांबलचक माळ. क्लबमधल्या एकाने सांगितलं, सोर्सेसच्या फाईलमध्ये ट्रस्टेड इक्वल टू येस लिही, लगेच चालतं. लिहिलं, चाललं, दोन पॅकेजेस टाकली पण. तरी मनात धाकधूक आहे. — विद्यार्थिनी, नांदेड

धाकधूक अगदी बरोबर आहे गं, ती ओळ आज, आत्ता काढून टाक. सिलेंडर घरी आला की आपण सील बघतो ना, तसं ॲप्ट, म्हणजे लिनक्समध्ये सॉफ्टवेअरची पॅकेजेस आणून बसवणारा प्रोग्रॅम, दर वेळी सील बघतं, आणि तू त्याला सांगितलंस की बघूच नकोस, जो देईल तो आत घे.

हे सील चालतं कसं ते एकदा समजून घे, म्हणजे पुढे कुणी असले उपाय सांगितले तर तूच नाही म्हणशील. सर्व्हरवर इनरिलीज नावाची एक छोटी फाईल असते आणि तिच्यावर त्या डिस्ट्रोची, म्हणजे तुझ्या बाबतीत कालीची, डिजिटल सही असते. त्या फाईलमध्ये पॅकेजेसच्या याद्यांचे शा-२५६ हॅश असतात, म्हणजे मजकुरावरून काढलेली ओळखीची माळ, आणि त्या याद्यांमध्ये प्रत्येक डेब फाईलचा, म्हणजे पॅकेजचा, हॅश. म्हणजे वरची एक सही खरी निघाली की खालची हजारो पॅकेजेस तपासली जातात. म्हणूनच मिरर, म्हणजे पॅकेजेसची प्रत ठेवणारा सर्व्हर, साध्या एचटीटीपीवर असला तरी चालतं, मधे कुणी फाईल बदलली तर हॅश जुळतच नाही. पण ही सगळी साखळी त्या एका सहीवर लटकलेली आहे, आणि सही ओळखायला तुझ्या मशीनमध्ये त्यांची पब्लिक की, म्हणजे सही तपासायची चावी, लागते. ती नाहीये म्हणून ॲप्ट अडून बसलंय, म्हणजे ते त्याचं काम चोख करतंय.

आता की गेली कुठे? तुझ्या हातून काहीच झालेलं नाही. एप्रिल २०२५ मध्ये कालीच्या लोकांनी स्वतः जाहीर केलं की रिपॉझिटरीवर, म्हणजे त्यांच्या पॅकेजेसच्या साठ्यावर, सही करायच्या जुन्या कीचा ॲक्सेस त्यांच्याकडून गेला. की चोरीला गेलेली नाही, फुटलेली नाही, पण सही करता येत नाही म्हणून नवी बनवावी लागली. १८ एप्रिलपासून त्यांनी रिपॉझिटरी थोडे दिवस गोठवूनही ठेवली होती, कारण जगभरच्या जवळजवळ सगळ्याच काली मशीन्सवर अपडेट अडणार हे त्यांना माहीत होतं. तुझी पेनड्राईव्ह त्याच्या आधीची, तिला नवी की माहीत असणार कशी!

उपाय सोपा आहे. आर्काइव्ह डॉट काली डॉट ऑर्ग या त्यांच्या स्वतःच्या साइटवरून, एचटीटीपीएस लावूनच, आर्काइव्ह-कीरिंग ही जीपीजी फाईल डाउनलोड कर आणि यूएसआर, त्यात शेअर, त्यात कीरिंग्ज या फोल्डरमध्ये जी काली-आर्काइव्ह-कीरिंग फाईल आहे तिच्या जागी ठेव. मग जीपीजीला शो-कीज हा पर्याय देऊन ती फाईल वाच. दोन की दिसायला हव्यात, एक जुनी आणि एक नवी, आणि नव्या कीच्या फिंगरप्रिंटचा, म्हणजे तिची ओळख पटवणाऱ्या माळेचा, शेवट ईडी६५४६२ईसी८डी५ई४सी५ असा आहे. तुझ्या एररमधल्या माळेचा शेवटही हाच असला पाहिजे, स्क्रीनवर बोट ठेवून एकेक अक्षर जुळव, कंटाळा करू नकोस. जुळत नसेल तर तुझा प्रॉब्लेम वेगळा आहे, तिथेच थांब आणि पूर्ण एरर मला पाठव.

मधल्या काळात टाकलेल्या दोन पॅकेजेसचं काय? व्हार, लॉग, ॲप्ट इथे हिस्टरी डॉट लॉग नावाची फाईल असते, त्यात कुठल्या तारखेला काय आलं ते सगळं लिहिलेलं असतं. त्या दोघांच्या मागून आणखी काही आलं असेल तर तेही त्यात दिसेल. की नीट बसली की ती सगळी री-इन्स्टॉल करून घे. खरं सांगू का, लॅपटॉपवर महत्त्वाचं काही नसेल तर मी नवी इमेज घेऊन कोरं इन्स्टॉलच करेन. २०२५.१सी किंवा त्यानंतरची घे, तिच्यात नवी की आधीपासून आहे.

मी निवृत्त शिक्षक. काही वर्षांपूर्वी एका वेबसाइटवर बघून एका सॉफ्टवेअरची रिपॉझिटरी जोडली होती, तेव्हा ॲप्ट-की ॲड असं करून चावी घातली. आता डेबियन १३ वर आलो तर ॲप्ट-की ही कमांडच सापडत नाही म्हणतं. — रत्नागिरी

सर, कमांड हरवलेली नाही, काढून टाकली आहे. बरीच वर्षं ती ‘वापरू नका’ असं सांगत होती, डेबियन १२ पर्यंत कशीबशी राहिली, १३ मध्ये गेली. आणि गेली ते बरं झालं असं माझं स्पष्ट मत आहे, कारण तिने घातलेली की सगळ्याच रिपॉझिटरींसाठी मास्टर चावी व्हायची. तुम्ही एका छोट्या सॉफ्टवेअरवाल्यावर विश्वास ठेवलात आणि त्याच्या सहीने अख्ख्या सिस्टीमचं कुठलंही पॅकेज आत येऊ शकत होतं.

आता पद्धत अशी की प्रत्येकाची की वेगळी ठेवायची, ईटीसी, ॲप्ट, कीरिंग्ज या फोल्डरमध्ये, आणि त्या रिपॉझिटरीच्या ओळीत ‘साइन्ड-बाय’ लिहून त्या फाईलचा पत्ता द्यायचा. मग ती चावी त्या एकाच कुलपाला लागते. की वाचता येईल अशा मजकुराची असेल, म्हणजे बिगिन पीजीपी वगैरे दिसत असेल, तर फाईलचं नाव डॉट एएससी ठेवा, बायनरी असेल तर डॉट जीपीजी. यात उलटसुलट झालं की की समोर असूनही ॲप्ट नाही म्हणतं.

अजून एक, ह्यावर माझी स्वतःची एक अख्खी संध्याकाळ गेली आहे. की बरोबर, जागा बरोबर, साइन्ड-बाय बरोबर, तरी ‘नो पबकी’, म्हणजे की सापडत नाही. फिंगरप्रिंट तीन वेळा जुळवलं, जुळत होतं. शेवटी एलएस-एल मारून बघितलं तर फाईल फक्त रूटलाच वाचता येत होती, परवानगी ६००. ॲप्ट सही तपासायचं काम अंडरस्कोर-ॲप्ट नावाच्या साध्या युजरकडून करून घेतं, त्याला फाईल उघडताच येत नव्हती. परवानगी ६४४, म्हणजे सगळ्यांना वाचता येईल अशी, केली आणि पुढच्या सेकंदाला अपडेट झालं. तुमचं सगळं बरोबर असून अडलं तर आधी हे बघा.

आमचं इचलकरंजीत कापडाचं दुकान आहे, हिशेब सगळा विंडोज ११ च्या लॅपटॉपवर. मुलाने त्याच्याच शेजारी लिनक्स मिंट टाकलं, महिनाभर दोन्ही छान चाललं. परवा विंडोजचा अपडेट झाला आणि लॅपटॉप सरळ विंडोजमध्येच जायला लागला. कुणाचं तरी ऐकून मुलाने बायोसमध्ये जाऊन सिक्युअर बूट बंद केलं, तर आता निळी स्क्रीन येते आणि ४८ आकडी रिकव्हरी की मागते. रिपेअरवाला म्हणतो फॉरमॅट मारावा लागेल. दोन वर्षांचा हिशेब आहे ताई त्यात. — एक दुकानदार

दादा, फॉरमॅट अजिबात मारू देऊ नका, लॅपटॉप दुकानात दिला असेल तर आधी परत आणा. तुमचा हिशेब जागेवर आहे, फक्त कुलूप लागलंय.

झालं काय ते सांगते. हल्लीच्या बऱ्याच लॅपटॉपवर विंडोज ११ डिस्क एन्क्रिप्ट करून ठेवतं, बऱ्याचदा मालकाला पत्ताही नसतो. तिची किल्ली मशीनच्या टीपीएम चिपमध्ये असते आणि चिप ती तेव्हाच देते जेव्हा सुरू व्हायची पद्धत रोजच्यासारखी असेल. सिक्युअर बूट, म्हणजे ओळखीचेच प्रोग्रॅम सुरू होऊ देणारा पहारा, बंद केल्यावर चिपला वाटलं, डिस्कशी कुणीतरी छेडछाड करतंय. म्हणून पहिलं काम, परत बायोसमध्ये जा आणि सिक्युअर बूट चालू करा, बाकी कशाला हात लावू नका. पुष्कळदा एवढ्यानेच निळी स्क्रीन जाते आणि विंडोज नेहमीसारखं उघडतं.

नाहीच उघडलं तर मोबाईलवरून त्या मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये लॉगिन करा ज्या अकाउंटने लॅपटॉप पहिल्यांदा सुरू केला होता, डिव्हाइसेसमध्ये रिकव्हरी कीज मिळतात. निळ्या स्क्रीनवर एक की आयडी दिसतो, त्याची पहिली ८ अक्षरं मोबाईलवरच्याशी जुळवा आणि त्याच ओळीतले ४८ आकडे टाका, सहा-सहाच्या ८ गटांत असतात. एकाने वाचायचे, दुसऱ्याने टाकायचे. विंडोज उघडल्या-उघडल्या हिशेबाचा बॅकअप बाहेरच्या डिस्कवर घ्या आणि ती की कागदावर लिहून दुकानाच्या तिजोरीत ठेवा, हे मी कळकळीने सांगतेय.

आता मिंट. तेही गेलेलं नाहीये. विंडोजच्या मोठ्या अपडेटनंतर कधीकधी बूट ऑर्डरमध्ये विंडोज बूट मॅनेजर पहिला जाऊन बसतो, बस्स. बायोसच्या बूटच्या यादीत ‘उबंटू’ नावाची एंट्री वर आणा. मिंट टाकलं तरी तिथे नाव उबंटूच दिसतं, त्यामुळे बरेच जण मिंट शोधत बसतात आणि पुसलं गेलं असं समजून परत इन्स्टॉल करतात. हा बदल करण्याआधी विंडोजमधून एन्क्रिप्शन तात्पुरतं सस्पेंड करून घ्या, म्हणजे परत ४८ आकड्यांची वेळ येणार नाही.

उबंटू वर आणल्यावर काळ्या स्क्रीनवर ‘एसबीएटी’ आणि ‘सिक्युरिटी पॉलिसी व्हायोलेशन’ असे शब्द आले तर ती वेगळी भानगड, ऑगस्ट २०२४ च्या विंडोज अपडेटपासून जुन्या शिमवाल्या लिनक्सना ती झाली होती (शिम म्हणजे सिक्युअर बूट चालू असताना लिनक्स सुरू करून देणारा छोटा प्रोग्रॅम). तसं दिसलं तर फोटो काढून पाठवा, अंदाजाने काही करू नका.

आम्ही दोघे रूममेट एकच जुना डेस्कटॉप वापरतो, विंडोज १० आणि उबंटू. विंडोजचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला म्हणून आता जास्त उबंटूच. पण उबंटूत घड्याळ बरोबर साडेपाच तास मागे, अपडेट मारलं की ‘रिलीज फाईल इज नॉट व्हॅलिड येट, इनव्हॅलिड फॉर अनदर ४ तास’ असलं काहीतरी येतं, आणि डी ड्राइव्हमध्ये फाईल सेव्ह होत नाही. की बदलून पाहिली, फरक नाही. — हॉस्टेल, छत्रपती संभाजीनगर

की बिचारी ठीक आहे, तिला परत होती तशी ठेवा. साडेपाच तास हा आकडा बघितला की मला लगेच कळतं, हा भारतीय वेळ आणि यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळ, यांच्यातला फरक आहे. मदरबोर्डवर एक घड्याळ असतं, विंडोज त्यात आपली स्थानिक वेळ आहे असं धरतं आणि लिनक्स यूटीसी धरतं, म्हणून ड्युअल बूटमध्ये एकाची वेळ चुकते. त्यावर दोन उपाय आहेत, विंडोजच्या रजिस्ट्रीत यूटीसी करायचं किंवा उबंटूला स्थानिक वेळ धरायला सांगायचं. तुमच्याकडे बहुतेक एकाने एक केलं आणि दुसऱ्याने दुसरं, एकमेकांना न सांगता. आता घड्याळात यूटीसी आहे आणि उबंटू त्याला भारतीय वेळ समजतंय! इंटरनेटवरून वेळ आपोआप दुरुस्त व्हायला हवी होती, पण हॉस्टेलच्या नेटवर्कमध्ये त्याचा पोर्ट १२३ बंद असू शकतो.

टर्मिनलमध्ये टाइमडेटसीटीएल मारा, ‘आरटीसी इन लोकल टीझेड’ पुढे येस असेल तर त्यालाच ॲडजस्ट-सिस्टीम-क्लॉक हा पर्याय जोडून सेट-लोकल-आरटीसी ० करा. वेळ जागेवर येईल, आणि एररही जाईल, कारण सर्व्हरने तासाभरापूर्वी बनवलेली फाईल तुमच्या मशीनला अजून भविष्यातली वाटत होती. विंडोजमधला रजिस्ट्रीचा बदल तसाच राहू द्या.

डी ड्राइव्हचं कारण विंडोजचं फास्ट स्टार्टअप. शटडाउन म्हटलं तरी ते पूर्ण बंद होत नाही, अर्धवट झोपतं आणि ड्राइव्ह आपल्याच ताब्यात ठेवतं, म्हणून उबंटू तिथे फक्त वाचू देतं. जबरदस्तीने माउंट करायच्या कमांड्स नेटवर मिळतात, त्या मारू नका, फाईली खराब होतात. विंडोजमध्ये ॲडमिन म्हणून कमांड प्रॉम्प्ट उघडा, पॉवरसीएफजी स्लॅश एच ऑफ टाका, एकदा शटडाउन करा आणि मग उबंटूत जाऊन डी मध्ये एक रिकामी फाईल बनवून बघा.