शेतात कुणीच लावत नाही अशा रोपावर इतकं संशोधन का करतात?

तुमचा प्रश्न असा आहे: अरॅबिडॉप्सिस खाता येत नाही, विकता येत नाही, मग वाढ आणि ताण अभ्यासायला शास्त्रज्ञ थेट भात किंवा गहू का घेत नाहीत? मी काही वर्षं याच रोपावर काम केलंय, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

हे मोहरीच्या कुळातलं एक तण. बी पेरल्यापासून नवं बी हाती येईपर्यंत साधारण ६ आठवडे लागतात. बी जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचं, आणि एका रोपाला अशा हजारो बिया. गुणसूत्रांच्या ५ जोड्या. जीनोम, म्हणजे डीएनएतला सगळा मजकूर, सुमारे १३.५ कोटी अक्षरांचा, तो २००० साली वाचून झाला. वनस्पतींमध्ये हा पहिलाच. गव्हाचा जीनोम १,६०० कोटींच्या घरात आहे, शिवाय त्यात बहुतेक जनुकांच्या तीन-तीन आवृत्त्या. एक बिघडवली तरी उरलेल्या दोन काम सांभाळून नेतात, आणि तुम्हाला रोपात काही फरकच दिसत नाही. अरॅबिडॉप्सिसमध्ये ही अडचण बरीच कमी. नवं जनुक घालायचं तर कळ्या अ‍ॅग्रोबॅक्टेरियमच्या (रोपात स्वतःचा डीएनए घालू शकणाऱ्या जिवाणूच्या) साखर घातलेल्या द्रावणात काही सेकंद बुडवायच्या आणि पुढच्या पिढीच्या बियांतून हवी ती निवडून घ्यायची. ही पद्धत १९९८ची, आणि तिने सगळ्यांचं काम फार सोपं केलं.

पण खरी गंमत कळते ती एक प्रयोग जवळून पाहिल्यावर. मिठाचा ताण रोप कसा सोसतं, हे शोधायचंय असं समजा. आधी बियांना रसायन लावून त्यांच्या जनुकांत कुठेही, कसेही बदल घडवतात. मग त्यांची पुढची पिढी अगारच्या, म्हणजे जेलीसारख्या पोषक थराच्या, डिशमध्ये पेरतात आणि डिश उभी ठेवतात. मुळं अगारच्या पृष्ठभागावरून सरळ खाली येतात, पांढऱ्या दोऱ्यांसारखी. चार-पाच दिवसांनी ती रोपं चिमट्याने उचलून मिठाच्या अगारवर ठेवतात, पण उलटी, म्हणजे मुळाचं टोक वर. मीठ बेताचंच, लिटरला साधारण ३ ग्रॅम. साधं रोप एवढं मीठ सोसतं. त्याचं मूळ वाढत राहतं आणि गुरुत्वाकर्षणाच्या दिशेने वळून आकड्यासारखं खाली येतं. शेकडो आकड्यांमध्ये एखादं मूळ मात्र तसंच ताठ, थांबलेलं. ते रोप लगेच उचलून साध्या अगारवर हलवायचं, जगवायचं, त्याचं बी धरायचं. कोणतं जनुक बिघडलंय हा शोध त्यानंतर सुरू होतो.

१९९०च्या दशकात जियान-कांग झू या शास्त्रज्ञाच्या गटाला अशाच रोपांतून एसओएस (सॉल्ट ओव्हरली सेन्सिटिव्ह, म्हणजे बिघडली की रोपाला मीठ फार बाधतं अशी) जनुकं सापडली. खारटपणा वाढला की पेशीत कॅल्शियम वाढतं. एसओएस३ ते ओळखतं आणि एसओएस२ला जागं करतं, एसओएस२ पुढे एसओएस१ला कामाला लावतं, आणि एसओएस१ हा पेशीच्या भिंतीआतल्या पडद्यातला पंप सोडियम बाहेर फेकतो. पुढे भातातही हीच साखळी सापडली. भातात ती शून्यापासून शोधायची म्हटली असती तर किती जागा आणि किती हंगाम गेले असते, याचा विचार करून पाहा.

वाढ आणि ताण एकत्र का अभ्यासतात, तेही सांगते. डीआरईबी१ए नावाचं जनुक दुष्काळ, मीठ आणि थंडी यांच्याविरुद्धची इतर अनेक जनुकं चालू करतं. ते रोपात कायम चालू ठेवलं तर रोप चिवट होतं खरं, पण बुटकंच राहतं. १९९९ साली जपानमध्ये काझुको यामागुची-शिनोझाकी यांच्या गटाने त्याला ताण आल्यावरच चालू होणारा प्रमोटर, म्हणजे जनुकाचं बटण, जोडला. रोपं चिवट झाली आणि वाढही फारशी खुंटली नाही. ताणाशी लढायची किंमत रोप वाढीतून मोजतं, हे मला या प्रयोगाइतकं स्वच्छ दुसरीकडे कुठे दिसलेलं नाही.

एक सावधगिरी मात्र हवीच. माझ्या एका प्रयोगात कडेच्या डिशमधली रोपं बुटकी निघाली आणि मी तो जनुकाचा परिणाम धरून चालले होते. नंतर लक्षात आलं की त्या डिशची टेप सैल होती. अगार सुकत गेला आणि मीठ आपोआप वाढलं. तेव्हापासून साधं रोप आणि म्युटंट (जनुक बिघडलेलं रोप) मी नेहमी एकाच डिशमध्ये शेजारी-शेजारी लावते. आणि अगारवरचा ताण म्हणजे शेतातला दुष्काळ नव्हे. शेतात माती हळूहळू सुकते, वर ऊन असतं, रोगही असतो. म्हणून डिशमध्ये जे दिसलं ते कुंडीत आणि मग पिकात तपासल्याशिवाय त्यावर भिस्त ठेवू नये.

काही प्रश्नांना तर हे रोप चालतच नाही. त्याच्या मुळांशी मायकोरायझा बुरशीची भागीदारी होत नाही आणि हवेतला नायट्रोजन पकडणाऱ्या गाठीही धरत नाहीत. गाठींसाठी मेडिकॅगो हे शेंगवर्गीय रोप घेतात, मक्यासारखं प्रकाशसंश्लेषण पाहायचं तर सेटारिया हे गवत. तुमचा प्रश्न दाणा भरण्याबद्दल असेल, तर मीही सरळ भातच घेईन.