दिवसभर खुर्चीत बसून काम करणाऱ्यांना हृदयविकाराचा धोका माहीत असतो, तरी ते काहीच का करत नाहीत?

मी डॉक्टर नाही. बेलापूरच्या एका खासगी कंपनीत ॲडमिन बघते आणि गेली अकरा वर्षं ऑफिसातलं वार्षिक हेल्थ चेकअप माझ्याच गळ्यात आहे. लॅबवाल्यांना बोलवायचं, कॉन्फरन्स रूममधलं टेबल सरकवून पडदा लावायचा, उपाशीपोटी रक्त देऊन बाहेर आलेल्याच्या हातात केळं आणि बिस्किटाचा पुडा ठेवायचा. तुमच्या प्रश्नाचं उत्तर मी त्या पडद्याच्या अलीकडून देतेय, एवढं लक्षात ठेवून वाचा.

माहिती कमी पडते असं मला अजिबात वाटत नाही. चांगलं कोलेस्टेरॉल कुठलं आणि वाईट कुठलं, हे आमच्याकडे चहा देणारा मुलगासुद्धा सांगेल. गंमत अशी की चेकअपकडे सगळे परीक्षा म्हणून बघतात. तारीख जाहीर झाली की आठवडाभर चहातली साखर कमी होते, आदल्या रात्री भात बंद. आमच्यातला एकजण दरवर्षी चार दिवस आधी कारल्याचा रस सुरू करायचा आणि रक्त दिलं की त्याच दुपारी खाली वडापावच्या गाडीवर. एका वर्षी पॅकेजमध्ये एचबीए१सी आलं. ही चाचणी मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर सांगते, तिच्यापुढे चार दिवसांचं कारलं चालत नाही. तो रिपोर्ट घेऊन माझ्याकडेच भांडायला आला, "लॅब बदला मॅडम, यांचं मशीन बरोबर नाही."

आणि सगळ्यात खूश कोण असतं सांगू? ज्यांच्या रिपोर्टवर 'बॉर्डरलाइन' येतं ते. काठावर पास म्हणजे पासच की! रिपोर्ट ड्रॉवरमध्ये जातो, पुढच्या वर्षी नवा येतो, तोही त्याच ड्रॉवरमध्ये. तीन वर्षं ओळीने बॉर्डरलाइन म्हणजे आकडा हळूहळू सरकतोय का, हे बघायला तीन कागद शेजारी ठेवावे लागतात. ते ठेवणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही.

दुसरा भ्रम ईसीजीचा. 'ईसीजी नॉर्मल आहे' हे वाक्य लोक घरी देवाच्या प्रसादासारखं नेतात. स्वस्थ पडून काढलेला ईसीजी त्या घडीचं सांगतो. धमनीत चरबीचा थर साचलेला असला तरी तो अगदी सरळ येऊ शकतो. बऱ्याच वेळा झटका येतो तो फार मोठ्या नसलेल्या थराला चीर पडून, त्यावर रक्ताची गुठळी धरल्यामुळे. म्हणून 'मागच्याच महिन्यात सगळं नॉर्मल होतं हो' असं स्मशानात ऐकू येतं, आणि ते खरंही असतं.

आमच्या अकाउंट्समधल्या एका साहेबांचं सांगते. वय ५२. मार्च एंडिंग चालू होतं. सकाळपासून छातीत जड वाटत होतं, जबडाही ओढल्यासारखा. त्यांनी माझ्याकडे इनो मागितलं. मी दिलं. ग्लास मीच विसळून दिला, हे मला अजून आठवतं. तासाभराने परत एक. संध्याकाळी लोकलने ठाणे, ठाण्याहून डोंबिवली, आणि रात्री अकराला हॉस्पिटल. दोन स्टेंट, म्हणजे धमनी उघडी ठेवणाऱ्या जाळीच्या नळ्या. वाचले. पुढे कळलं, की दक्षिण आशियातल्या लोकांना पहिला झटका इतरांपेक्षा बराच लवकर येतो. ५२ देशांतल्या लोकांवर झालेल्या इंटरहार्ट अभ्यासात पहिल्या झटक्याचं मध्यक वय (निम्म्यांना त्याआधी, निम्म्यांना त्यानंतर) आपल्याकडे सुमारे ५३ आणि बाकीच्या जगात ५९च्या आसपास निघालं. म्हणजे आमचे साहेब अपवाद नव्हते, अगदी वेळेवर होते.

त्यानंतर ऑफिसात काय झालं ते पाहण्यासारखं होतं. तीन आठवडे सगळे जिन्याने. डब्यात काकडी-गाजर. 'रोज दहा हजार पावलं' नावाचा व्हॉट्सॲप ग्रुप. (हा दहा हजारांचा आकडा १९६५च्या सुमाराला जपानमध्ये पावलं मोजायचं एक यंत्र विकताना आला, कुठल्या डॉक्टरने काढलेला नाही. पण असो, चालण्याचं निमित्त म्हणून चांगलाच आहे.) गणपतीपर्यंत त्या ग्रुपवर फक्त गुड मॉर्निंगची फुलं उरली. साहेब परत आले तेव्हा लोक त्यांना म्हणत, "आता काय, पाइपलाइन साफ झाली तुमची." म्हणजे नळ तुंबला, प्लंबर आला, संपलं. गोळ्या आयुष्यभर घ्यायच्या आहेत हे ते बिचारे प्रत्येकाला समजावत बसत.

बाकी कारणं तुम्हीही ऐकली असतील. आजोबा वाटीभर तूप खाऊन नव्वदीपर्यंत जगले. (आजोबा शेतावर चालत जायचे हे मात्र कोणी बोलत नाही.) कन्नड अभिनेता पुनीत राजकुमार रोज व्यायाम करायचा, तो २०२१मध्ये ४६व्या वर्षी गेला, मग उपयोग काय? आणि बायकांचं आमचं वेगळंच. हा पुरुषांचा आजार, आम्ही घरकाम करतो, आम्हाला कशाला? धाप लागली, मळमळलं, थकवा आला, तर ती ॲसिडिटी नाहीतर पाळी जायचं वय. मी स्वतः असंच म्हणत होते.

पण मला विचाराल तर खरी गोची ऑफिसच्या रीतीत आहे. आमच्याकडे खुर्चीतून उठायला एकच मान्य कारण आहे, सिगारेट. दर तासाला चौघं खाली टपरीवर जातात, कोणी काही बोलत नाही. वरिष्ठच सोबत असतात. पण एखाद्याने "जरा पाय मोकळे करून येतो" म्हटलं की हशा पिकतो, "काय, पेन्शन सुरू झाली वाटतं?" टेबलावर दिसत नाही म्हणजे काम करत नाही, हा हिशोब. हृदयाला इतकी घातक जी गोष्ट, तिच्यासाठी सुट्टी आहे, आणि चालायला नाही.

यावर लंडनच्या बसवाल्यांची गोष्ट मला फार आवडते. १९५३ साली जेरी मॉरिस नावाच्या डॉक्टरने तिथल्या दुमजली बसच्या ड्रायव्हर आणि कंडक्टरांची तुलना छापली. बस तीच, माणसं साधारण त्याच घरांतली. ड्रायव्हर दिवसभर बसून, कंडक्टर तिकिटं फाडत दिवसाला पाचशे-साडेसातशे पायऱ्या वर-खाली. कंडक्टरांमध्ये हृदयविकार बराच कमी निघाला, आणि ज्यांना झाला त्यांनाही तो उशिरा. पुढे मॉरिसने गणवेशाच्या मापांच्या नोंदी काढल्या तर ड्रायव्हरांच्या पँटी कमरेत मोठ्या. ॲडमिनवालीला यात जे सुख होतं ते तुम्हाला कळणार नाही. कोणीतरी युनिफॉर्मचं रजिस्टर नीट ठेवलं होतं!

तुम्ही लिहिलंय की वय ३४, आयटीत आहात, वडिलांची बायपास झालीय आणि 'मला अजून काही त्रास नाही'. वडिलांचं डॉक्टरांना आधी सांगा, ते सगळ्यात महत्त्वाचं. मग शिंप्याची टेप घ्या. आपल्या लोकांसाठी कमरेची मर्यादा पुरुषांना ९० सेंटीमीटर आणि बायकांना ८० धरतात, आणि माप बेंबीच्या आसपास घ्यायचं, बेल्टपाशी नाही. मी चेकअपला टेप ठेवते तेव्हा एकजात सगळे पोट आत ओढतात. मी म्हणते, "श्वास सोडा साहेब, मी काही पँट शिवत नाहीये." सोडला की टेप चार सेंटीमीटर सरकते. आठवड्याला दीडशे मिनिटं झपझप चालणं ही किमान गोष्ट. दिवसाला आठ तासांच्या वर बसत असाल तर त्याहून पुष्कळ जास्त लागतं. दहा लाखांवर लोकांची माहिती एकत्र करून २०१६मध्ये जो अभ्यास आला, त्यात बसण्याचा तोटा भरून निघायला रोज तासभर, सव्वा तास निघाला होता. आणि छातीत जड वाटलं, हात-जबडा ओढला, घाम फुटला तर इनो नको, १०८.

माझं सांगून थांबते. तीन वर्षांपूर्वी त्याच पडद्यामागे माझा रक्तदाब १४८/९४ आला. मी त्या मुलीला म्हटलं, सकाळपासून धावपळ चाललीय गं, दहा मिनिटांनी परत मोज. परत १४६. तिसऱ्यांदा मोज म्हणणार होते, तेवढ्यात रांगेतून कोणीतरी म्हणालं, "मॅडम, आमचा नंबर कधी?" रिपोर्ट ड्रॉवरमध्ये टाकला. डॉक्टरकडे गेले पाच महिन्यांनी. आता सकाळी एक गोळी आहे, डब्यातलं लोणचं बंद आहे आणि मीठ मोजून.

लोकांना सांगणं मी सोडून दिलंय. चहाचं मशीन पाचव्या मजल्यावर होतं, ते मागच्या दिवाळीनंतर चौथ्यावर नेलं, देखभालीचं कारण सांगून. दोन दिवसांत तक्रारीचे तीन मेल आले. एकात लिहिलं होतं, कर्मचाऱ्यांच्या आरोग्याचा विचार करून मशीन पूर्ववत जागी आणावं. मशीन चौथ्यावरच आहे. दोघं-तिघं अजून लिफ्टने एक मजला उतरतात.