पणजीचं नाव

प्रश्न : माझी पणजी १९१८ च्या मानमोडीत, म्हणजे इन्फ्लुएंझाच्या साथीत, बडोद्यात गेली. आजोबा तेव्हा दीड वर्षांचे. तिचं नाव घरात कुणालाच सांगता येत नाही. जन्म-मृत्यूच्या नोंदींत ते मिळेल का?
– एक वाचक, रावपुरा

उत्तर : ताई, कचेरीत जाण्याआधी घरात एक गोष्ट विचारा. भाद्रपदात अविधवा नवमी करत होते का? पणजोबा मागे राहिले असतील, तर तिचं श्राद्ध त्याच तिथीला. आजोबांनी पितृपक्षात ‘माता’ म्हणून आणि तुमच्या वडिलांनी ‘पितामही’, म्हणजे आजी, म्हणून तिचंच नाव उच्चारलं असणार. तुमच्या उपाध्यांच्या घरी जुनी वही असेल तर ती आधी बघा. माझ्या आजीच्या आईचं नाव मला अशाच एका वहीत मिळालं, तेही दोन उन्हाळे दफ्तरं धुंडाळल्यावर.

मग महापालिकेचा जन्म-मृत्यू विभाग. १९६९ च्या कायद्याप्रमाणे निबंधकाकडच्या वहीत कुणालाही शोध घ्यायला लावता येतो, नोंदीचा दाखलाही मिळतो. मृत्यूचं कारण मात्र दाखल्यात देत नाहीत. म्हणून मानमोडीची खूण तारखेतच शोधायची. साथीचा कहर सप्टेंबर ते नोव्हेंबरमधला. नोंद शकात असली, तर शके १८४०. गुजराती संवत दिवाळीच्या पाडव्याला बदलतं, तेव्हा आश्विनातली नोंद संवत १९७४ ची आणि कार्तिकातली संवत १९७५ ची. इथेच माणसं चुकतात आणि भलतंच वर्ष उलटत बसतात. तिथे काही नसेल, तर संस्थानी कागदांसाठी राज्य अभिलेखागाराचं बडोद्यातलं कार्यालय आहेच.

पणजोबांचं नाव, त्यांच्या वडिलांचं नाव आणि तेव्हाचं राहतं घर, एवढं लिहून न्या. बाईची नोंद ‘अमक्याची बायको’ अशीही असू शकते. नुसत्या आडनावावर भिस्त ठेवू नका.

आणि हे मन घट्ट करून ऐका. मिळेल ते नाव बहुधा सासरचं असेल. लग्नात नाव बदलायची आपली रीत. माहेरची जन्मनोंद सापडली तरी नावाची जागा कोरी असू शकते, कारण नोंद बारशाआधीच व्हायची. तिचं माहेरचं गाव समजलं, तर नाशिक-त्र्यंबकेश्वरला त्या घराण्याचे क्षेत्रोपाध्ये, म्हणजे तीर्थातले पिढीजात पुरोहित, गाठा. तिचे वडील किंवा भाऊ तिथे गेले असतील, तर त्यांच्या वहीत कुटुंबाची नावं असतील. लेकींची नावं सगळेच लिहून ठेवत नसत, हे मला फार लागतं.

नोंद मोडी लिपीत असली, तर प्रत मासिकाच्या पत्त्यावर पाठवा. मी वाचून देईन.