वेगळा केलेला कचरा परत एकाच पिशवीत

प्रश्न : मी शहरातल्या एका सरकारी शाळेत शिकवते. दोन वर्षांपूर्वी प्रत्येक वर्गात रिसायकलिंगचा निळा डस्टबिन आला, पोस्टर्स लागली, शपथ झाली, मुलं नुसती उत्साहात होती. मग एके दिवशी पाचवीतल्या एका मुलीने बघितलं की मावशी दोन्ही डस्टबिन एकाच काळ्या पिशवीत ओततायत. "बाई, मग आम्ही कशाला वेगळं करायचं?" मला काही बोलताच आलं नाही. आता कोणीच मनावर घेत नाही. परत कुठून सुरू करू?

उत्तर : बाई, आधी मावशींपासून सुरू करा. त्यांच्यावर चिडून नाही हं, त्यांच्याशी बोलून. त्यांना दुसऱ्या रंगाच्या पिशव्या कोणी दिल्यात का, वेगळा कचरा ठेवायला जागा आहे का, आणि तो न्यायला कोण आणि कुठल्या वारी येतं हे त्यांना कोणी सांगितलंय का? बहुतेक शाळांत या सगळ्याचं उत्तर नाही असंच असतं, शपथ मुलांना देतात आणि ज्यांच्या हातून रोज सगळा कचरा जातो त्यांना मीटिंगला साधं बोलावतही नाहीत. मला याचा खरंच राग येतो.

दुसरं, एक दिवसाचा कचरा उघडून बघा. आम्ही एका शाळेत ग्लोव्हज घालून सगळा कचरा ताडपत्रीवर पसरला होता. निळ्या डस्टबिनमधले कागद चांगले, एका बाजूनेच वापरलेले, पण वरून कोणीतरी ज्यूसचं अर्धं भरलेलं खोकं टाकलेलं, त्यामुळे सगळी पानं चिकट होऊन एकमेकांना चिकटलेली, खालची तर उचलली की फाटत होती. असला ओला, खरकटा लागलेला कागद रद्दीत कोणी घेत नाही, आणि तो चांगल्या कागदात मिसळला तर अख्खा गठ्ठा नाकारला जातो. खरं तर कागदाचा धागा साधारण 5 ते 7 वेळा परत वापरता येतो, इथे तो पहिल्याच फेरीत वाया गेला, तेही घोटभर ज्यूसपायी.

म्हणून जेवायच्या जागी एक साधी बादली ठेवा, उरलेलं पाणी, दूध, ज्यूस आधी त्यात ओतायचं आणि मगच बाटली डस्टबिनमध्ये. आणि निळा डस्टबिन एकटा कध्धीच ठेवू नका, शेजारी साध्या कचऱ्याचा हवाच, नाहीतर जो जवळ असेल त्यात मुलं सगळं टाकणार, मोठी माणसंही तेच करतात. झाकणाला कागदासाठी फट आणि बाटलीसाठी गोल भोक पाडलं तर हात आपोआप थांबतो.

त्या मुलीला मात्र खरं सांगा, की तुझं बरोबर होतं, चूक आमची होती. आणि पिशवी शाळेबाहेर जाते तेव्हा तिला सोबत घेऊन उभ्या रहा, बघू दे तिला.

प्रश्न : बाटलीखाली त्रिकोणात आकडा असतो, म्हणजे ती रिसायकल होतेच ना? (इयत्ता आठवी)

उत्तर : नाही रे, खूप जणांना असंच वाटतं. तो आकडा फक्त प्लास्टिक कुठल्या प्रकारचं आहे ते सांगतो, ही पद्धत 1988 मध्ये प्लास्टिक उद्योगानेच सुरू केली. 1 म्हणजे पीईटी, पाण्याच्या बाटलीचं. 2 म्हणजे एचडीपीई, शाम्पूच्या बाटलीचं. हे दोन सहसा घेतले जातात. 6 म्हणजे पॉलिस्टायरीन, थर्माकोल त्यातलाच, तो फारसा कोणी घेत नाही. चकचकीत वेफर्सच्या पाकिटात प्लास्टिकचे थर आणि धातूचा मुलामा एकत्र चिकटवलेले असतात, ते वेगळे करणं अवघड, म्हणून ते साध्या कचऱ्यातच टाक. तुमच्या शाळेचा माल जो नेतो त्यालाच विचार काय काय चालतं, आणि चालणाऱ्या वस्तू, चित्रं नाही, खऱ्याखुऱ्या, डस्टबिनच्या वर भिंतीवर टेपने चिकटवून टाका.