ज्याला पत्ते टाकता येतात, त्यालाच ब्लफ

बाबा रे,

रविवारी सकाळी तू मला जिन्यात गाठलंस. डोळे तांबारलेले, शर्ट कालचाच. "काका, पोकरमध्ये ब्लफ कमी करू की जास्त?" माझ्या हातात दुधाच्या पिशव्या होत्या, म्हणून संध्याकाळी ये म्हणालो. आला नाहीस. म्हणून लिहितोय.

प्रश्नच चुकलाय तुझा. ब्लफ म्हणजे हातात काही नसताना असल्यासारखे पैसे लावणं. किती ते नंतर बघू, आधी कोणासमोर ते सांग. घाटकोपरच्या त्या फ्लॅटवर तू तीन डाव ब्लफ केलास आणि तिन्ही वेळा समोर एकच मित्र होता. हा मित्र, तूच सांगितलंस, "मरेल पण पत्ते टाकणार नाही." म्हणजे डाव सोडणारच नाही. अरे मग? ज्याला पत्ते टाकता येतात, त्यालाच ब्लफ करता येतो.

व्हिडिओत शिकलास ते गणित खोटं नाही. पॉटमध्ये, म्हणजे मधे जमलेल्या पैशांत, हजार असताना पाचशे लावलेस, तर तीनात एकदा समोरच्याने पत्ते टाकले की रिकाम्या हातानेही तू बरोबरीत सुटतोस. हजार लावलेस तर दोनात एकदा. पण हे सगळं उभं आहे ते समोरचा कधीतरी टाकतो यावर. तुझ्या मित्राचा आकडा शून्य आहे. शून्यावर कसली टक्केवारी काढतोस?

आणि हात तरी कुठला निवडलास! सत्ती-दुर्री, तीही वेगवेगळ्या रंगांची. पोकरमध्ये याहून भिकार हात वाटलाच जात नाही. कमजोर हात म्हणजे मेलेला हात नव्हे रे. हातात दोन बदाम, फ्लॉपवर, म्हणजे टेबलावर उघडलेल्या पहिल्या तीन पानांत, दोन बदाम, म्हणजे गड्डीत नऊ उरले. पुढच्या दोन पानांत, टर्न आणि रिव्हरमध्ये, एखादा बदाम यायची शक्यता साधारण 35 टक्के. तिथे लाव. त्याने टाकले तर पॉट तुझा. नाही टाकले तरी तीनात एकदा फ्लश, म्हणजे एकाच रंगाची पाच पानं, लागतोच. रिव्हर पडला आणि बदाम आला नाही, की ती वाट बंद. मग फक्त समोरचा माणूस उरतो.

हे मला 2009 मध्ये कळायला हवं होतं. परळला एका खोलीत आम्ही सहा जण बसायचो. माझ्याकडे बदामची नव्वी-अट्ठी. फ्लॉपवर बदामचा राजा, बदामची चव्वी, किलवरचा गुलाम. दीडशे लावले. टर्न कोरडा गेला, साडेतीनशे लावले. रिव्हरही कोरडा. पॉटमध्ये बाराशे, आणि मी बाराशे लावले. समोरच्याने तंबाखू मळत पत्त्यांकडे बघितलंसुद्धा नाही. "बघू तर खरं, काय घेऊन बसलायस," म्हणाला आणि पैसे टाकले. त्याच्याकडे चव्वीची जोडी होती. नुसती चव्वीची जोडी! माझे पहिल्या शंभरासकट अठराशे गेले. ते माझे नव्हतेच, चाळीच्या गणपतीची वर्गणी होती ती. मंडपवाल्याला दोन दिवस थापा मारल्या, मग ऑफिसातल्या एकाकडून उसने घेऊन भरले. कोणाला कळलं नाही. तुझ्या काकूलाही नाही, तेव्हा हे पत्र घरात टाकून ठेवू नकोस.

आता तू म्हणशील, काका, तुमचं खेळणं चुकलं. नाही चुकलं! फ्लॉप, टर्न, रिव्हर, तिन्ही वेळा मी हातात राजा असल्यासारखाच खेळलो होतो. समोर शहाणा माणूस असता तर त्याने चव्व्या टाकल्याच असत्या. पण तो टाकणारा नव्हता, आणि हे मला त्या रात्री पहिल्या तासातच दिसलं होतं. दिसूनही लावले.

2003 मध्ये लास वेगासला पोकरच्या वर्ल्ड सिरीजचा शेवटचा सामना झाला. ख्रिस मनीमेकर, धंद्याने अकाउंटंट, हातात राजा-सत्ती. फ्लश हुकला, स्ट्रेट (ओळीने पाच पानं) हुकला, आणि पठ्ठ्याने सगळे चिप्स पुढे सरकवले. समोर सॅमी फरहा, मुरलेला खेळाडू, नव्व्यांची जोडी घेऊन. जिंकत होता. बराच वेळ विचार केला आणि पत्ते टाकले. फरहाला टाकता येत होते म्हणूनच तो फसला. माझ्या परळवाल्याने तो डाव तिथेच जिंकला असता, तंबाखू मळत.

ऑगस्ट 2025 च्या कायद्याने पैशांचे ऑनलाइन खेळ बंद झाले. तुझं ॲपही गेलं आणि तू टेबलावर आलास. बरं झालं, निदान माणसं दिसतात. मी आता काड्यापेटीच्या काड्यांवर खेळतो. पण खरं सांगतो, काड्यांवर ब्लफ चालत नाही. काडी जाण्याची भीती कोणालाच नाही, मग टाकेल कशाला? भीती नसलेला माणूस काय आणि तुझा तो मित्र काय, दोघांसमोर चांगल्या हातावर लावायचं, भरपूर लावायचं, आणि वाईट हात निमूट टाकायचा.

शनिवारी जाणारच असशील तर पहिला तास ब्लफ नाही. कोण किती वेळा टाकतं, ते नुसतं मोज. बोटांवर मोज, वहीत नको, हसतील. आणि रविवारी सकाळी जिन्यात नको, घरी ये. ती बाराशेची चाल मी तुला पत्ते मांडून दाखवतो. बरोबरच होती ती.

तुझा,
काका