एस्कॉर्ट कॅरिअरवरच्या पायलटांनी दुसऱ्या महायुद्धात नेमकं काय केलं?

तुमचा प्रश्न असा आहे की मोठ्या विमानवाहू नौका असताना ही छोटी एस्कॉर्ट कॅरिअर (मालवाहू जहाजांच्या ताफ्याला सोबत करणाऱ्या लहान विमानवाहू नौका) कशाला बांधली, त्यावरच्या पायलटांना पाणबुड्या तरी किती मिळाल्या, आणि आज त्यातलं एखादं कुठे बघायला मिळतं का. पाणबुड्या किती बुडवल्या यावर हिशोब मांडला तर उत्तर चुकणार असं माझं मत आहे, का ते खाली येईलच. मी मर्चंट नेव्हीत इंजिनवाला होतो, नौदलाचा माणूस नाही, त्यामुळे या सगळ्याकडे मी मालवाहू जहाजाच्या बाजूनेच बघतो हे आधी सांगून टाकतो.

1940 मध्ये फ्रान्स जर्मनांच्या हातात गेलं आणि बोर्दोच्या विमानतळावरून फॉक-वुल्फ कॉन्डॉर विमानं अटलांटिकवर यायला लागली. मुळात हे प्रवासी विमान, चार इंजिनं, पल्ला प्रचंड. कधी ते स्वतः बॉम्ब टाकायचं, पण खरा त्रास वेगळाच होता, ते तोफेच्या पल्ल्याबाहेर राहून कॉन्व्हॉयभोवती, म्हणजे संरक्षणासाठी एकत्र निघालेल्या मालवाहू जहाजांच्या ताफ्याभोवती, निवांत घिरट्या घालायचं आणि रेडिओवरून पाणबुड्यांना जागा कळवत बसायचं. खाली पस्तीस-चाळीस जहाजं बघतायत, सगळ्यांना कळतंय की रात्री आता काय होणार, आणि करता काहीच येत नाही. ब्रिटिशांनी यावर आधी एक अघोरी उपाय काढला, मालवाहू जहाजाच्या नाकावर कॅटापल्ट, म्हणजे विमान झटक्यात हवेत फेकणारं यंत्र, बसवायचा आणि त्यावरून एक हरिकेन फायटर विमान सोडायचं. परत उतरायला जागाच नाही, काम झालं की पायलटने पॅराशूट घेऊन किंवा विमानासकट समुद्रात पडायचं आणि कोणीतरी उचलेल अशी आशा करायची. बर्फाळ पाण्यात. मोठी विमानवाहू नौका प्रत्येक कॉन्व्हॉयला देणं शक्यच नव्हतं, होत्याच मोजक्या, त्या युद्धनौकांच्या ताफ्याबरोबर लागायच्या.

मग आली ऑडॅसिटी नावाची एस्कॉर्ट कॅरिअर. ही माझी सगळ्यात आवडती, म्हणून हिच्यावर जरा जास्त लिहिणार. मूळ नाव हॅनोव्हर, जर्मन जहाज, केळी वाहायचं. मार्च 1940 मध्ये कॅरिबियनमध्ये ब्रिटिश आणि कॅनेडियन युद्धनौकांनी धरलं, जर्मन खलाशांनी जाताना आग लावून दिली होती, ती विझवत विझवत ओढून जमैकाला नेलं. पुढे इंग्लंडमध्ये वरचा सगळा भाग कापून साधारण 450 फुटांचा सपाट डेक टाकला आणि 1941 च्या जूनमध्ये नौदलात घेतलं. एकच स्क्रू (जहाज ढकलणारा पंखा), डिझेल इंजिन, वेग 15 नॉटच्या आसपास. हँगर नाही, लिफ्ट नाही, मोठ्या कॅरिअरवर असतो तसा ब्रिजचा मनोरासुद्धा नाही. सहा-आठ मार्टलेट फायटर, म्हणजे अमेरिकन वाइल्डकॅट, कायम उघड्यावर दोरांनी बांधलेली. गंमत म्हणजे खाली मूळ जहाजाच्या पॅसेंजर केबिन तशाच राहिल्या होत्या, त्यामुळे पायलट लोक राहायचे एकदम ऐटीत आणि विमानं मात्र डेकवर खारं पाणी खात उभी.

हँगर नसणं म्हणजे काय ते नीट समजून घ्या. उड्डाण करायचं असेल तर सगळी विमानं मागे लावायची, म्हणजे पहिल्या विमानाला धावायला जेमतेम 300 फूट उरणार. उतरवायचं असेल तर उरलेली सगळी माणसांनी ढकलून पुढे न्यायची, मध्ये तारांचं बॅरिअर उभं करायचं, आणि येणाऱ्या विमानाने मागच्या दोन-तीन आडव्या तारांपैकी एकीत हूक अडकवायचा. नाही अडकला तर बॅरिअरमध्ये, आणि बॅरिअरपलीकडे बाकीची विमानं. हे सगळं अटलांटिकच्या हिवाळ्यात, जहाजाची शेपटी वर-खाली होत असताना. मोठ्या कॅरिअरला 30 नॉट वेग असतो, तो वारा डेकवर मिळतो आणि विमान सावकाश उतरतं. इथे 15 नॉट, बाकी वारा देवाने द्यायचा. वारा मागून असेल तर जहाजाने कॉन्व्हॉय सोडून उलटं वळायचं, एकटंच. आणि रात्री मेकॅनिक लोक झाकलेल्या टॉर्चच्या उजेडात, गार वाऱ्यात, डेकवर बसून इंजिनं उघडणार. हलत्या जहाजावर एक नट हातातून सुटला तर काय शिव्या तोंडात येतात ते मला माहीत आहे, आणि मी तर छपराखाली असायचो.

पहिल्याच मोठ्या फेरीत, सप्टेंबर 1941 मध्ये, एका कॉन्डॉरने वॉल्मर कॅसल या बचाव जहाजावर बॉम्ब टाकले आणि ऑडॅसिटीच्या दोन मार्टलेटनी ते कॉन्डॉर पाडलं. नोव्हेंबरमध्ये उलटं झालं, स्क्वाड्रनचा कमांडरच कॉन्डॉरच्या गोळीबारात गेला. कॉन्डॉरला मागून, वरून, खालून सगळीकडून मशीनगन होत्या. त्यातून एरिक ब्राउन नावाच्या 22 वर्षांच्या पायलटने मार्ग काढला, समोरून थेट नाकावर जायचं, कारण तिथला मारा सगळ्यात कमजोर. दोन विमानं एकमेकांवर येतायत, गोळी मारायला मिळणार काही सेकंद, मग बाजूला व्हायचं. त्याने अशी दोन कॉन्डॉर पाडली. हा ब्राउन पुढे जगातला सगळ्यात जास्त कॅरिअर लँडिंग केलेला माणूस झाला, 2,407, आणि 487 प्रकारची विमानं चालवली. डिसेंबर 1945 मध्ये कॅरिअरवर पहिलं जेट पण त्यानेच उतरवलं. 2016 मध्ये वारला.

डिसेंबर 1941 मध्ये जिब्राल्टरहून एचजी 76 हा कॉन्व्हॉय निघाला, 32 जहाजं, एस्कॉर्टचा, म्हणजे सोबतच्या संरक्षक युद्धनौकांचा, प्रमुख कमांडर वॉकर, आणि बरोबर ऑडॅसिटी. 17 तारखेला मार्टलेटने वीसेक मैल लांब एक पाणबुडी पाहिली, एस्कॉर्ट धावले, पाण्याखाली फुटणाऱ्या डेप्थ चार्ज बॉम्बनी तिला वर यायला लावलं. ही यू-131. फ्लेचर नावाचा पायलट, सप्टेंबरमधल्या त्या पहिल्या कॉन्डॉरवर गोळ्या झाडणाऱ्या दोघांतला एक, खाली झेपावला आणि पाणबुडीच्या तोफेचा गोळा त्याच्या कॉकपिटवर बसला. पाणबुडी बुडाली, तिचे खलाशी कैद झाले, फ्लेचरला समुद्रात दफन केलं. पुढच्या दोन दिवसांत अजून दोन पाणबुड्या, 21 ला चौथी, तिचा कॅप्टन एंड्रास म्हणजे जर्मनांचा नावाजलेला माणूस. मार्टलेट पहाटेपासून अंधार पडेपर्यंत वर, अंधारातसुद्धा उतरायचे. आता लक्षात घ्या, मार्टलेट हे फायटर, त्याच्याकडे पाणबुडी बुडवायला काही नव्हतंच, फक्त मशीनगन. पण विमान दिसलं की पाणबुडीला डुबकी मारावी लागते, आणि त्या काळातली पाणबुडी पाण्याखाली बॅटरीवर सायकलच्या वेगाने सरकते. कॉन्व्हॉय पुढे निघून जातो. हीच पायलटची खरी कमाई, आणि ती कुठल्याच आकड्यात येत नाही, म्हणून सुरुवातीला म्हटलं की बुडालेल्या पाणबुड्या मोजून हिशोब लागणार नाही.

21 च्या रात्री ऑडॅसिटीचा कॅप्टन मॅकेंड्रिक जहाज घेऊन कॉन्व्हॉयच्या बाहेर उजवीकडे गेला. वॉकरने दुसरी बाजू सुचवली होती, पण मॅकेंड्रिक हुद्द्याने वरचा. सोबत द्यायला एस्कॉर्टही उरला नव्हता. कॉन्व्हॉयमध्ये स्नोफ्लेक नावाची उजेड पाडणारी रॉकेटं उडाली, समुद्र उजळला, आणि यू-751 ला हे सपाट डेकचं जहाज स्वच्छ दिसलं. पहिला टॉर्पेडो मागे इंजिन रूमच्या बाजूला लागला. एकच इंजिन, एकच स्क्रू, म्हणजे जहाज तिथेच मेलं. थोड्या वेळाने अजून दोन. नाक वर जायला लागलं तशी डेकवरची विमानं दोर तोडून माणसांवर घसरत आली. एकूण 73 जण गेले, मॅकेंड्रिकसुद्धा. पायलटांच्या मे वेस्ट नावाच्या लाइफ जॅकेटमुळे डोकं पाण्यावर राहायचं, खलाशांकडे साधं फुगवायचं रबरी कडं, त्यामुळे गारठून डुलकी लागली की माणूस संपला, हे ब्राउनने नंतर सांगितलं. एका जॅकेटचा फरक. हे वाचलं तेव्हा मला खलाशी म्हणून राग आला होता, अजून येतो.

पण त्या कॉन्व्हॉयची मालवाहू जहाजं गेली फक्त दोन. सहा महिने नौदलात असलेल्या केळीवाल्या जहाजाने अमेरिका आणि ब्रिटन दोघांनाही पटवलं की हेच डझनांनी हवं. अमेरिकेत कायझरच्या यार्डने कॅसाब्लांका वर्गाची 50 कॅरिअर साधारण एका वर्षात पाण्यात सोडली. मे 1943 मध्ये अमेरिकेच्या बोग या एस्कॉर्ट कॅरिअरच्या अ‍ॅव्हेंजर विमानांनी आणि ब्रिटिशांच्या आर्चर या एस्कॉर्ट कॅरिअरवरच्या स्वोर्डफिश विमानाने लागोपाठच्या दिवशी एकेक पाणबुडी संपवली, आर्चरवाल्याने तर रॉकेटने, आणि 24 मे ला जर्मन नौदलाचा प्रमुख डोनित्झ याने उत्तर अटलांटिकमधून पाणबुड्या मागे बोलावल्या. अर्थात एकट्या कॅरिअरमुळे नव्हे, रडार, लांब पल्ल्याची लिबरेटर विमानं, फोडलेले जर्मन संदेश, सगळंच त्यात होतं.

माझ्यासारख्यांना जास्त भावतात ती मॅक जहाजं. ही नौदलाची नव्हतीच, धान्य किंवा तेल वाहणारी व्यापारी जहाजं, वर डेक टाकून तीन-चार स्वोर्डफिश ठेवलेली. धान्य पाइपने भरता-काढता येतं म्हणून वरून हॅच उघडायची गरज नाही, म्हणून धान्यवाली निवडली, किती साधी अक्कल बघा. जहाजाचा मास्टर आणि क्रू मर्चंट नेव्हीचे, विमानवाले नौदलाचे, आणि त्या नौदलवाल्यांना व्यापारी जहाजाच्या आर्टिकल्सवर (खलाशांच्या नोकरीच्या करारावर) सही करावी लागायची. काहींनी तर विमानावरचं रॉयल नेव्ही खोडून मर्चंट नेव्ही रंगवलं होतं!

आणि कॉन्व्हॉयमध्ये आपली माणसं होती हे कोणी फारसं लिहीत नाही. ब्रिटिश व्यापारी जहाजांवर हजारो भारतीय खलाशी, रत्नागिरीकडचे डेकवर, गोव्याचे सलूनमध्ये (जेवण-खाणं वाढायच्या खात्यात), सारंग आणि तांडेलांच्या हाताखाली. कॉन्डॉर डोक्यावर घिरट्या घालत असेल तेव्हा त्यांच्याही पोटात गोळा येत असणारच. हिंदी महासागरातही एस्कॉर्ट कॅरिअर आली, बॅटलर नावाची, 1943 च्या अखेरीपासून ती एडन-मुंबई बाजूला कॉन्व्हॉय सांभाळायची. मार्च 1944 मध्ये तिच्या स्वोर्डफिशने मॉरिशसच्या बाजूला ब्रेक हे जर्मन तेलवाहू जहाज शोधून काढलं, ते पाणबुड्यांना डिझेल देत होतं, रोबक या ब्रिटिश युद्धनौकेने ते बुडवलं. इथेही बघा, पायलटने फक्त शोधलं, पण पाणबुड्यांचं डिझेल बंद झालं आणि त्यांना मलायातल्या पेनांग बंदराकडे वळावं लागलं.

पॅसिफिकमध्ये मात्र या जहाजांच्या वाट्याला भलतंच काम आलं. 25 ऑक्टोबर 1944, फिलिपीन्समध्ये सामार बेटाजवळ सहा छोटी कॅरिअर, सोबत तीन डिस्ट्रॉयर आणि चार डिस्ट्रॉयर एस्कॉर्ट, आणि समोर जपानचा अ‍ॅडमिरल कुरिता चार बॅटलशिप (मोठ्या तोफांच्या चिलखती युद्धनौका) घेऊन, त्यात यामातो ही एक. अमेरिकेचा अ‍ॅडमिरल हॅल्सी आपला मोठा ताफा घेऊन उत्तरेला गेलेला. विमानं पाणबुड्या शोधायला आणि जमिनीवरच्या सैन्याला मदत करायला तयार केलेली, चिलखत फोडणारे बॉम्ब पुरेसे नाहीत, पण जे होतं ते घेऊन उडाली. त्या सहातल्या गॅम्बियर बे या कॅरिअरच्या स्क्वाड्रनचा प्रमुख हक्सटेबल तर बॉम्ब न घेताच उडाला आणि तरीही जपानी जहाजांवर पुन्हा पुन्हा खोट्या चढाया करत राहिला, कारण रिकामं विमानसुद्धा अंगावर आलं की जहाजाला वळावं लागतं आणि वळलं की त्याच्या तोफांचा नेम बिघडतो. अटलांटिकमधल्या मार्टलेटचंच काम, फक्त समोर बॅटलशिप. गॅम्बियर बे बुडाली, तिचे लोक जवळजवळ दोन दिवस पाण्यात होते. सेंट लो ही दुसरी कॅरिअर त्याच दिवशी कामिकाझेने, म्हणजे मुद्दाम जहाजावर आदळणाऱ्या जपानी विमानाने, घालवली. पण कुरिता परत फिरला. कॅरिअर हातातून गेल्यावर बऱ्याच पायलटांनी जवळच्या किनाऱ्यावरच्या ताक्लोबानच्या चिखलाच्या धावपट्टीवर विमानं उतरवली, तिथे जमेल ते भरून पुन्हा गेले.

आता तुमचा शेवटचा मुद्दा. एकही एस्कॉर्ट कॅरिअर म्युझियम म्हणून जपलेलं नाही. युद्ध संपल्यावर ब्रिटिशांनी उसनी घेतलेली बरीचशी अमेरिकेला परत दिली, त्यातली कित्येक पुन्हा मालवाहू झाली, अटॅकर नावाची कॅरिअर तर पुढे फेअरस्काय नावाने ऑस्ट्रेलियाला स्थलांतरितांना नेणारी पॅसेंजर बोट झाली. बघायचंच असेल तर शिकागोच्या सायन्स अँड इंडस्ट्री म्युझियममध्ये यू-505 ही जर्मन पाणबुडी आहे, जून 1944 मध्ये ग्वाडलकॅनाल या एस्कॉर्ट कॅरिअरच्या गटाने जिवंत पकडलेली. आणि इंग्लंडला गेलात तर येओविल्टनच्या फ्लीट एअर आर्म म्युझियममध्ये एक मार्टलेट उभं आहे.